नऊ खणांवरचा घुमट

विजापूरला जाणाऱ्या मराठी प्रवाशाचा दिवस बहुधा ठरलेला असतो. सोलापूरहून शंभरेक किलोमीटर गाडी, पोहोचताच गोलघुमट, त्याच्या सज्जात उभे राहून दिलेली हाक आणि तिचे उमटणारे पडसाद, मग मुलूख मैदान तोफ, दुपारनंतर इब्राहिम रोजा, आणि परतण्याआधी वेळ उरलाच तर जामा मशिदीवर एक नजर. विजापूर आपल्याला परके नाही. १९५६ पर्यंत ते मुंबई राज्यात होते, आणि शहाजीराजांच्या चरित्रामुळे आदिलशाहीची नावे शाळेपासून आपल्या कानावर आहेत. परके राहिले आहे ते तिथले स्थापत्य, आणि त्यातही ही मशीद. यादीतली तिची शेवटची जागा चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दख्खनच्या बांधकामातला सर्वांत धाडसी विचार आपण गोलघुमटात पाहतो आणि थक्क होतो, पण तो विचार सुमारे पाऊणशे वर्षे आधी या मशिदीत पूर्णपणे मांडला गेला होता; शिवाय तो तिथे अधिक संयमाने आणि अधिक उपयोगी रीतीने वापरला गेला. तो सहज दिसत नाही, कारण आपण ऐतिहासिक वास्तू पाहायला जातो ते नक्षी शोधत, आणि इथे नक्षी जवळजवळ नाही. इथे पाहायची आहे ती जागा: भिंती आणि छत यांच्यामध्ये घडवलेला अवकाश. तो वाचायला शिकल्याशिवाय कोणतीच मोठी मशीद कळत नाही.

त्यासाठी आधी हे ध्यानात घ्यावे लागते की मशिदीला लागते फार थोडे. मक्केची दिशा दाखवणारी एक भिंत, तिच्यात ती दिशा नेमकी सांगणारा कोनाडा म्हणजे मिहराब, शेजारी खुतब्यासाठी, म्हणजे प्रवचनासाठी, पायऱ्यांचा मिंबर, हातपाय धुण्यासाठी पाणी, आणि लोक रांगेत उभे राहू शकतील अशी स्वच्छ जमीन. मदिनेत प्रेषितांच्या घराला लागून जी सुरुवातीची मशीद उभी राहिली ती कच्च्या विटांची, खजुराच्या खोडांचे खांब असलेली होती. घुमट, मिनार, उंच दरवाजा यांपैकी काहीही धर्माने सक्तीचे केलेले नाही. नमाजी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, मक्केकडे तोंड करून ओळीत उभे राहतात. त्या ओळीला सफ म्हणतात, आणि पहिल्या सफेत जागा मिळणे पुण्याचे मानले जाते. मग इमारतीचा आकार आपोआप ठरतो: दिशा दाखवणाऱ्या भिंतीला समांतर, आडवी पसरलेली, खोलीपेक्षा रुंदी जास्त असलेली. आपल्याकडच्या देवळाची मांडणी याच्या उलट आहे. तिथे सभामंडपातून अंतराळ, अंतराळातून गाभारा असा प्रवास असतो. जागा अरुंद होत जाते, उजेड कमी होत जातो, आणि शेवटी एका मूर्तीसमोर एक माणूस उभा राहतो. मशिदीत पोहोचायचे असे ठिकाण नाही. मिहराब रिकामा असतो, त्यात कुणी बसलेले नसते. सगळी जमीन सारख्याच मोलाची, आणि तिच्यावर उभा राहणारा प्रत्येक माणूस सारख्याच अंतराने शेजाऱ्यापासून दूर. देऊळ पाहायच्या सवयीने मशिदीत गेलेला माणूस समोरच्या भिंतीपर्यंत चालत जातो, तिथे त्याला काही सापडत नाही, आणि तो निराश होऊन परततो. दोष इमारतीचा नसतो; पाहण्याची दिशा चुकलेली असते.

विजापूरची जामा मशीद पहिल्या अली आदिलशहाच्या कारकिर्दीतली. तो १५५८ ते १५८० गादीवर होता, आणि १५६५ च्या जानेवारीत तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा पराभव केल्यानंतर त्याच्या हाती प्रचंड संपत्ती आली. शहराचा तट, पाण्याची व्यवस्था आणि ही मशीद अशी मोठी कामे त्याच्या काळात झाली. अंगण धरून मशिदीचे क्षेत्र एक लाख चौरस फुटांहून अधिक आहे. पश्चिमेला नमाजाचे दालन, त्याच्यापुढे उघडे अंगण, अंगणात हौज, आणि उत्तर व दक्षिण बाजूंना कमानींच्या ओवऱ्या. दालन समजून घ्यायला आपल्या जुन्या वाड्यांतला खण हा शब्द पुरेसा आहे. चार खांबांच्या मधली जागा म्हणजे एक खण. दालन रुंदीला नऊ खणांचे आणि खोलीला पाच खणांचे, म्हणजे एकूण पंचेचाळीस खण. गिलावा केलेले भक्कम चौकोनी खांब, त्यांना जोडणाऱ्या टोकदार कमानी, आणि प्रत्येक खणावर एक उथळ घुमट, जो बाहेरून दिसतही नाही. आतापर्यंत हे कोणत्याही मोठ्या मशिदीसारखेच झाले. खरी गोष्ट मध्यभागी आहे. तिथे बांधणाऱ्यांनी तीन गुणिले तीन असे नऊ खण एकत्र केले, त्यांच्यामधले चार खांब काढून टाकले, आणि सुमारे ७० फूट बाजूच्या त्या चौरसावर ५७ फूट व्यासाचा एकच घुमट चढवला. उरलेले छत्तीस खण त्या मोठ्या जागेच्या भोवती तसेच ठेवले. खांबांच्या दाट रांगांतून चालताना अचानक चार खांब गायब होतात आणि छत एकदम उंच निघून जाते. या एका निर्णयावर सगळी इमारत उभी आहे.

घुमट गोल आणि खोली चौकोनी, या दोघांचे जमवायचे कसे हा बांधकामाच्या इतिहासातला फार जुना प्रश्न आहे. चौरसाच्या चार बाजूंवर घुमट टेकतो, पण चार कोपरे उघडे पडतात. काही ठिकाणी कोपऱ्यात छोटी तिरपी कमान घालून चौरसाचा अष्टकोन केला गेला. इस्तंबूलच्या आया सोफियात, ५३७ साली, कोपऱ्यांतून वर चढत जाणारे गोलसर त्रिकोण बांधून घुमट पेलला गेला. दोन्ही उपाय चांगले आहेत, पण घुमट मोठा होत गेला की दुसरी अडचण उभी राहते. घुमट नुसता खाली दाबत नाही, तो पायथ्याशी बाहेरही ढकलतो. हा रेटा पेलायला भिंती प्रचंड जाड कराव्या लागतात किंवा बाहेरून अर्धघुमटांचे, धिऱ्यांचे टेकू द्यावे लागतात. विजापूरच्या मशिदीत मोठ्या घुमटाच्या चारी बाजूंना भिंतीच नाहीत, फक्त खांब आहेत, कारण नमाजाच्या ओळी अखंड जायला हव्यात. म्हणजे रेटा भिंतींच्या जाडीवर सोपवून मोकळे होण्याची सोयच नव्हती. तो प्रश्न वरच, हवेत सोडवावा लागणार होता.

तो सोडवला आहे आठ कमानींनी. चौरसाच्या बाजूंवरून या कमानी उठतात आणि प्रत्येक कमान एकेक कोपरा तिरपी ओलांडून शेजारच्या बाजूवर उतरते. एका कोपऱ्यावरून दोन, अशा चार कोपऱ्यांवरून आठ. खाली उभे राहून वर पाहिले तर एकमेकांवर फिरवून ठेवलेले दोन चौरस दिसतात, आणि त्यांच्या छेदांतून आठ टोकांची चांदणी तयार होते. चांदणीच्या पोटात जी जागा उरते ती जवळजवळ गोल असते, आणि मूळ चौरसापेक्षा बरीच लहान. घुमट बसतो तो त्या लहान वर्तुळावर. आता कमानी आणि कोपरे यांच्यामध्ये जो चुन्यात बसवलेला दगडविटांचा भार भरलेला आहे तो पाहावा. तो आतल्या बाजूला झुकलेला, खोलीच्या पोकळीवर लोंबणारा आहे. त्याचे वजन आत ओढते. घुमटाचा रेटा बाहेर ढकलतो. दोघे एकमेकांना अडवून धरतात. जेम्स फर्ग्युसन यांनी एकोणिसाव्या शतकात विजापूरच्या घुमटांबद्दल हा खुलासा केला. फिलिप मेडोज टेलर यांच्यासोबत त्यांनी विजापूरच्या स्थापत्यावर जो ग्रंथ केला तो १८६६ साली लंडनमध्ये छापला गेला. कमानी एकमेकींना छेदत नेण्याची कल्पना विजापुरात जन्मलेली नाही. पंधराव्या शतकात इराणात आणि मध्य आशियात तैमुरी घराण्याच्या इमारतींत ती दिसते, आणि दख्खनच्या दरबारांत इराणी कारागिरांची ये-जा होती. पण तिथे ती बरीचशी हलक्या, विटांच्या, सजवलेल्या छतांसाठी आहे. तिच्यातला भार तोलण्याचा गुण ओळखून, तिला मोठ्या घुमटाखाली जाड आणि उघडी वापरण्याचे धाडस विजापूरच्या गवंड्यांचे. त्यांच्या हाती काळ्या पाषाणाचा मुबलक दगड होता आणि चुना उत्तम होता. चांगला चुना वर्षानुवर्षे घट्ट होत जातो आणि घुमट सुट्या विटांचा न राहता एकसंध कवच होतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. हीच युक्ती गोलघुमटात कितीतरी मोठ्या मापावर वापरली आहे. मग आधीची लहान इमारत श्रेष्ठ कशी? गोलघुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर. तो १६५६ साली वारला तेव्हा इमारत तिच्या आजच्या रूपात आली होती. आतली खोली बाजूला सुमारे १३५ फूट, घुमटाचा आतला व्यास सुमारे १२४ फूट, आणि अठरा हजार चौरस फुटांहून मोठी जमीन एकाही खांबाशिवाय झाकलेली. एका घुमटाखालच्या जगातल्या सर्वांत मोठ्या जागांमध्ये तिची गणना होते. अभियंत्याच्या दृष्टीने हे काम अधिक अवघड होते यात शंका नाही, आणि ते कमी लेखण्याचे कारणही नाही. पण मोठेपणा आणि उत्तमपणा या दोन गोष्टी आहेत. गोलघुमटात त्या अफाट जागेला काम नाही. खाली मध्यभागी चौथऱ्यावर काही कबरी आहेत आणि वर सगळे रिकामे. तिथला प्रतिध्वनी प्रसिद्ध आहे, पण तो त्या आकाराचा अपघाती परिणाम आहे, आणि उच्चारलेला शब्द जिथे अनेकदा परत येतो तिथे शेकडो माणसांना खुतबा ऐकवणे कठीण. मशिदीत तीच रचना माफक मापाची आहे आणि तिचा उपयोग नेमका आहे: मिहराबासमोरची जागा मोकळी व्हावी, तिथे उजेड यावा, इमामाच्या मागे उभ्या असलेल्या अधिकांत अधिक लोकांना समोरची भिंत दिसावी, आणि तरीही बाजूच्या खणांतल्या ओळी तुटू नयेत. मोठा घुमट एकटा नाही, त्याच्याभोवती छत्तीस लहान खण आहेत, आणि त्यांच्यामुळेच तो मोठा वाटतो. गोलघुमटाच्या आत शिरल्यावर माप लागत नाही, कारण तुलनेला काही नसते. मशिदीत प्रत्येक खण ते माप देतो. स्थापत्याची कसोटी जागा आणि तिचे काम यांच्या मेळावर लावायची असेल, तर माझ्या मते मशीद सरस ठरते.

दुसरा आक्षेप अधिक वेळा ऐकू येतो: इमारत ओकीबोकी आहे, आणि अर्धवटही. अर्धवट आहे हे खरे. अंगणाच्या पूर्वेच्या दोन कोपऱ्यांवर मिनार व्हायचे होते, त्यांची कामे पायाशीच थांबली. औरंगजेबाने १६८६ च्या सप्टेंबरात विजापूर जिंकले आणि नंतर मशिदीच्या पूर्व बाजूला भर घातली, पण मूळ योजना पुरी झाली नाही. दिनदर्शिकांमधून आपल्या मनात मशिदीचे जे चित्र बसले आहे त्यात दोन उंच मिनार असतातच, आणि ते बव्हंशी दिल्लीच्या जामा मशिदीवरून आले आहे. ती शाहजहानची मशीद १६५६ साली, म्हणजे गोलघुमटाच्याच वर्षी, पुरी झाली. तिथे टेकडीवरचा चौथरा, भव्य पायऱ्या, लाल दगडावरचा पांढरा संगमरवर, तीन घुमट आणि दोन मिनार शहराला उद्देशून बोलतात. विजापूरची मशीद बाहेरच्याशी कमी बोलते. अंगणात उभे राहिले तर समोर कमानींची एक लांब रांग दिसते, त्यांतल्या फक्त मधल्या कमानीला चुन्याच्या कामाने पाकळ्यांसारखी महिरप केलेली आहे, बाकीच्या साध्या. वर कंगोरे, आणि त्यांच्यामागे कमानींच्या झरोक्यांचा एक चौकोनी मजला, ज्याच्यावर कमळाच्या पाकळ्यांतून उमलणारा गोल घुमट. एवढेच. बांधण्याचा क्रम पाहिला तर दालन आणि घुमट आधी पुरे झाले आणि मिनार मागे ठेवले गेले. म्हणजे कशाशिवाय मशीद होत नाही आणि कशाशिवाय चालते, हे बांधणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. मिनार झाले असते तर दुरून शोभा आली असती हे कबूल केले पाहिजे. पण दालनातल्या एका खणाचेही काम त्यांच्यावाचून अडलेले नाही.

ओकेपणाचे मात्र वेगळे आहे. पैसा संपला किंवा कारागीर नव्हते म्हणून मशीद साधी राहिली, असे मानायला जागा नाही. याच शहरात १६२० च्या दशकात इब्राहिम रोजा उभा राहिला. त्याच्या दगडी खिडक्यांत अक्षरांची जाळी कोरली आहे आणि भिंतींचा कोपरान् कोपरा सजवला आहे. मेहतर महालाच्या दगडी आधारांवरचे काम लाकडावर केल्यासारखे नाजूक आहे. ज्या शहराला हे करता येत होते त्याने मुख्य मशिदीच्या भिंती नुसत्या गिलाव्याच्या ठेवल्या आणि पुढच्या तीनचार पिढ्यांनीही त्या तशाच राहू दिल्या, यामागे विचार असणार. तो विचार दालनात फिरताना पटतो. खांब पांढरे आणि साधे असल्यामुळे कमानीची रेषा स्वच्छ दिसते. दर्शनी बाजू पूर्वेला असल्याने सकाळचा उजेड अंगणातून आत शिरतो, एकेका खणात कमी होत जातो, आणि मध्यभागी घुमटाखालच्या झरोक्यांतून पुन्हा वरून उतरतो. उजेडाची ही चढउतार हीच तिथली सजावट आहे. प्रत्येक खांबावर नक्षी असती तर डोळा तिथेच अडकला असता आणि पंचेचाळीस खणांची मिळून जी एक जागा होते ती कुणाला दिसली नसती.

या साधेपणाला एकच मोठा अपवाद आहे, आणि तो सगळ्यांत जास्त छायाचित्रे काढली जाणारा आहे. मिहराब आणि त्याच्याभोवतीची भिंत सोनेरी मुलाम्याने आणि रंगांनी भरून टाकलेली आहे. हे काम मूळ नाही. मुहम्मद आदिलशहाच्या काळात, १६३६ साली, याकूत डाबुली याने ते केले. भिंतीवरच्या लेखात त्याचे नाव आहे. दाभोळ हे कोकणातले आदिलशाहीचे मोठे बंदर, आणि त्याचे नाते या नावातून दिसते. भिंतीवर रंगवलेल्या कोनाड्यांत पुस्तके ठेवलेली दिसतात, फुलदाण्या आहेत, साखळ्यांना टांगलेली धूपपात्रे आहेत, लहान मिनार आहेत, आणि मधूनमधून सुरेख अक्षरांत मजकूर. सपाट भिंतीवर खोली भासवण्याचे हे कौशल्य दख्खनी चित्रकलेच्या बहराचे आहे आणि ते जवळून, शांतपणे पाहण्यासारखे आहे. तरीही मला वाटते की ते मशिदीच्या मूळ स्वभावाला थोडे सोडून आहे. पहिल्या बांधणाऱ्यांनी मिहराबाकडे लक्ष नेण्याचे काम खांब काढून आणि उजेड आणून केले होते. साठ वर्षांनी आलेल्या पिढीला तेवढे पुरे वाटले नाही, तिने त्यावर सोने चढवले. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी शेजारी शेजारी आहेत, म्हणून विजापूरची आवड दोन पिढ्यांत कशी बदलली हे इथे उघड दिसते.

तिसरा आक्षेप स्थापत्याच्या बाहेरचा आहे, पण तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगरची राजधानी लुटली गेली, जाळली गेली. हंपीचे भग्नावशेष आजही ते सांगतात. त्या विजयानंतरच्या श्रीमंतीतून बांधलेली मशीद कौतुकाने पाहायची का? मला हा प्रश्न खोटा वाटत नाही, आणि त्याचे उत्तर विस्मरणात नाही. लूट झाली हे म्हटलेच पाहिजे. पण पैसा कुठून आला याने इमारत कशी कल्पिली गेली हे ठरत नाही; आठ कमानींचा तोल कुठल्याही खजिन्यात सापडलेला नव्हता, तो गवंड्यांच्या डोक्यातून आला. शिवाय दोन राज्यांमधली रेघ आपण समजतो तितकी सरळ नव्हती. तालिकोटच्या काही वर्षे आधी हाच अली आदिलशहा विजयनगरच्या रामरायाशी हातमिळवणी करून अहमदनगरवर चालून गेला होता. आणि विजयनगरच्या राजवाड्यातला कमळ महाल, तिथले हत्तींचे तबेले कमानी आणि घुमटांचे आहेत, जसा विजापूरच्या घुमटाच्या पायथ्याशी कमळ आहे. विजापूरच्या कोटात आणखी एक मशीद आहे, करीमुद्दीनची, १३२० सालची. तिचे खांब आधीच्या देवळांचे आहेत, आणि ते उघड दिसते. तिथे दुसऱ्या वास्तूतून आलेल्या खांबांच्या उंचीने आणि अंतराने दालनाचे माप ठरवले आहे. बांधणारा त्या सामग्रीने बांधला गेला आहे. अडीचशे वर्षांनंतरच्या जामा मशिदीत प्रत्येक खांब तिच्यासाठी घडलेला आहे, म्हणूनच मधले चार खांब काढण्याचा विचार करता आला. या दोन मशिदी एकाच दिवशी पाहाव्यात. पहिलीत मोडतोडीचा इतिहास आहे, दुसरीत एका शहराला स्वतःची भाषा सापडल्याचा. आणि प्रामाणिक पाहणाऱ्याला दोन्ही लागतात.

जो या धर्माचा नाही त्याला हे सौंदर्य उसनेच वाटणार, असेही काही जण म्हणतात. श्रद्धेने उभे राहणाऱ्याचा अनुभव पाहुण्याला मिळणार नाही हे उघड आहे. पण इमारत समजायला श्रद्धेपेक्षा त्या उपासनेची माहिती लागते, आणि ती कुणालाही मिळवता येते. विजापूरच्या मशिदीत तर ती जमिनीवरच काढून ठेवली आहे. दालनाच्या फरशीवर काळ्या रेघांनी मुसल्ल्यांच्या, म्हणजे नमाजाच्या आसनांच्या, आकाराचे चौकोन आखलेले आहेत, सुमारे २,२५०, आणि ते औरंगजेबाच्या काळातले सांगितले जातात. एक चौकोन म्हणजे एका माणसाची जागा. राजाला वेगळा चौकोन नाही. हे चौकोन पाहिले की दालन आडवे का, खांबांची अंतरे सारखी का, आणि मधले चार खांब काढल्याने किती जणांची नजर मोकळी झाली, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मशीद पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे आणि तिथे नमाजही होतो, म्हणून तिच्याकडे संग्रहालय म्हणून पाहू नये. शुक्रवारची दुपार आणि नमाजाच्या वेळा सोडून जावे, सकाळ उत्तम. पादत्राणे बाहेर, अंग झाकलेले कपडे, आवाज हळू, आणि कुणी नमाज पढत असेल तर त्याच्या पुढून जाऊ नये. दालनात शिरताच मिहराबाकडे धावू नये. आधी एका टोकाच्या खणात उभे राहून रांगेतल्या कमानी एकीमागून एक कशा लहान होत जातात ते पाहावे, मग खांबांमधून तिरपे चालत मध्यभागी यावे, म्हणजे छत उघडल्याचा धक्का नीट बसतो. घुमटाच्या बरोबर खाली थांबून आठ कमानी एकेक करून मोजाव्यात. एक कमान निवडून ती कुठून उठते आणि कुठे उतरते तेवढे नजरेने गाठले, की चांदणीचा गुंता सुटतो. सोनेरी भिंत शेवटी पाहावी. बाहेर पडल्यावर अंगणाच्या पूर्वेच्या कोपऱ्यांवरचे मिनारांचे अर्धवट पाये बघावेत आणि इमारतीला बाहेरून एक फेरी मारावी. बाहेरच्या भिंतींवर कमानींच्या दोन ओळी आहेत, खालची बुजवलेली आणि वरची उघडी. एवढ्या लांब भिंतीचा जडपणा केवळ या दोन ओळींनी कमी केला आहे, आणि आत खांबांच्या अंतरांवर जी शिस्त पाळली आहे तीच बाहेरही पाळलेली दिसते.